गाडी सारखी असली म्हणजे

भोरजवळचं उत्रोली हे माझं गाव. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी उभी हयात गेली. पानिपत, पुरंदरचा तह, अठराशे सत्तावन ही सगळी सनावळी मुलांकडून घोकून घेतली. पण निवृत्तीनंतर माझ्याच एका विद्यार्थ्यानं इतिहासातला असा प्रश्न विचारला, की मला उत्तर देता आलं नाही.

हा मुलगा गॅरेजमध्ये काम करतो. वय एकोणीस. त्यानं कुठूनशी जुनी मारुती एट हंड्रेड मिळवली होती. रात्री काम संपलं की मित्रांना घेऊन कापूरहोळच्या रस्त्यावर शर्यती लावायचा. एका रात्री गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली आणि त्याच्या सोबत्याचा हात मोडला. मी त्याला बोलावून घेतलं आणि चांगलं फैलावर घेतलं. खाली मान घालून त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "सर, रस्त्यावर नको तर मग कुठं चालवू? तुम्ही इतिहास शिकवलाय. आपल्यासारखा कोणी गेलाय का या रेसिंगमध्ये? सगळे राजे, नाहीतर करोडपतीच की!"

मी गप्प बसलो. रागावणं सोपं असतं, उत्तर देणं अवघड. म्हणून वाचायला बसलो. आज जे सांगणार आहे, ते त्याला दिलेलं उत्तर आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. तिथे शर्यतीच्या एका प्रकाराला 'स्टॉक कार रेसिंग' म्हणतात. स्टॉक म्हणजे दुकानातला माल. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेली नव्हे, तर शोरूममध्ये तुम्हाआम्हाला मिळते तशी साधी गाडी पळवायची, ही मूळ कल्पना. या खेळाचं कूळ तसं फारसं सोवळं नाही. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती. बंदी उठल्यावरही कर चुकवण्यासाठी दक्षिणेकडच्या डोंगरांत हातभट्टी चालूच राहिली. ती दारू रात्री शहरात पोचवणारी पोरं फोर्ड गाड्या घेऊन वळणावळणाच्या रस्त्यांवर पोलिसांना गुंगारा देत. गाडी दिसायला साधी, पण इंजिन आणि स्प्रिंगा घरी सुधारलेल्या. मग कोणाची गाडी जास्त पळते यावर रविवारी शेतात पैजा लागू लागल्या. आमच्या कापूरहोळच्या रस्त्यावर घडत होतं, त्याचंच हे थोरलं भावंड.

या गोंधळाला शिस्त लावली बिल फ्रान्स या गृहस्थानं. डिसेंबर १९४७ मध्ये फ्लॉरिडातल्या डेटोना बीच इथल्या एका हॉटेलात त्यानं चालक, मेकॅनिक आणि मैदानांचे मालक यांना एकत्र बसवलं. त्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये 'नॅसकार' ही संस्था उभी राहिली. १९ जून १९४९ रोजी शार्लट इथल्या मातीच्या मैदानावर तिची 'अस्सल स्टॉक' गाड्यांची पहिली शर्यत झाली. नियम एकच, गाडी कारखान्यातून आली तशीच हवी.

त्या शर्यतीत ग्लेन डनवे सर्वांत पुढे आला. नंतर तपासनिसांनी गाडीखाली वाकून पाहिलं, तर मागच्या स्प्रिंगांत फेरफार! ती गाडी दारूच्या वाहतुकीतली होती. डनवेला बाद केलं आणि लिंकन गाडी चालवणाऱ्या जिम रोपरला विजयी ठरवलं. रोपर कॅन्ससचा. शेकडो मैलांवरून तीच गाडी रस्त्यानं चालवत तो शर्यतीला आला होता, असं सांगतात. याच शर्यतीत ली पेटी नावाचा एक जण दुसऱ्याची मागून आणलेली ब्यूक घेऊन उतरला आणि ती त्यानं उलटवली. त्याच ली पेटीनं दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, पहिली 'डेटोना ५००' जिंकली. त्याचा मुलगा रिचर्ड पेटी यानं पुढे २०० शर्यती आणि सात अजिंक्यपदं मिळवली. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९४९ च्या त्या पहिल्याच शर्यतीत सारा ख्रिश्चन ही महिला होती आणि ती चौदावी आली. तिची आठवण पुढे पुण्यात आल्यावर पुन्हा काढायची आहे.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते गाडीखाली वाकून पाहणं. आपल्याकडच्या बैलगाड्याच्या घाटात लोक बैलाकडे बघतात, गाड्याकडे नाही. गाडा साधारण सगळ्यांचा सारखाच, म्हणून बैलाचा कस दिसतो. मोटारीच्या शर्यतीत उलट होतं. ज्याची गाडी भारी तो पुढे, आणि गाडी भारी कोणाची, तर ज्याच्याकडे पैसा त्याची. गाड्या सारख्या ठेवण्याचा नियम आला, तेव्हाच चालवणाऱ्याचा हात दिसू लागला.

अर्थात नियम कागदावर असला म्हणून न्याय मिळतोच असं नाही. व्हर्जिनियातला वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय चालक आमच्या गॅरेजमधल्या मुलासारखाच मेकॅनिक होता. टॅक्सीही चालवायचा. स्वतःची जुनी गाडी स्वतः दुरुस्त करायची, मुलांना मदतीला घ्यायचं आणि शर्यतीला जायचं, असा त्याचा संसार. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल इथे तो जिंकला. पण करंडक दुसऱ्याच्या हाती दिला गेला. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, फेऱ्या मोजताना चूक झाली होती असं सांगून स्कॉटला विजेता ठरवलं. तो १९९० मध्ये वारला. त्याच्या त्या विजयाचा करंडक कुटुंबाच्या हाती पडला तो २०२१ मध्ये. अठ्ठावन्न वर्षांनी!

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात मोटार आली ती साहेबाची आणि संस्थानिकाची म्हणून. १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची एक मोठी चाचणी निघाली. त्यात पोरासोरांना जागा नव्हती, गाडी बघायला मिळाली तरी पुष्कळ. स्वातंत्र्यानंतर चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर शर्यती भरू लागल्या. तिथे परदेशी गाड्यांबरोबर आपल्या फियाट आणि अॅम्बेसेडरही पळाल्या. टॅक्सी म्हणून मुंबईत धावणारी फियाट तिकडे शर्यतीत धावत होती.

खरा बदल झाला मारुतीमुळे आणि कोइमतूरच्या सुंदरम करिवर्धन या माणसामुळे. हे स्वतः गिरणीमालकांच्या घरातले. पण त्यांनी मारुती एट हंड्रेडचं इंजिन घेऊन छोट्या, स्वस्त, एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या बांधल्या. त्या 'फॉर्म्युला मारुती' म्हणून ओळखल्या गेल्या. सगळ्यांना एकच इंजिन, एकच बांधणी. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. त्यांच्या नावाची शर्यतीची धावपट्टी २००३ मध्ये कोइमतूरजवळ सुरू झाली. त्या फॉर्म्युला मारुतीतूनच नारायण कार्तिकेयन पुढे आला. २००५ मध्ये तो फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

नारायणची एक गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली गेली नाही. २०१० मध्ये तो अमेरिकेत जाऊन नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. ही मालिका म्हणजे नॅसकारच्या शिडीची एक पायरी. वरची आणखी एक पायरी ओलांडली की मग मुख्य कप. मार्टिन्सव्हिलच्या छोट्या मैदानावरच्या पहिल्याच शर्यतीत तो तेरावा आला. फॉर्म्युला वन खेळून आलेला माणूस त्या गर्दीत नवशिक्याच होता. तरी त्या वर्षी त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून प्रेक्षकांनी त्यालाच निवडलं.

"पण सर, नारायण मोठ्या घरचा," आमचा मुलगा म्हणाला. खरं आहे. त्याचे वडील स्वतः रॅलीतले नावाजलेले चालक. मी ते लपवलं नाही.

महाराष्ट्रातही सुरुवातीची उदाहरणं अशीच सापडतात. मुंबईचा जहान दारूवाला याचा जन्म १९९८ चा. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघानं देशभरातून होतकरू मुलं निवडली, त्यात तो होता. वय जेमतेम तेरा. कार्टिंग, मग युरोपातल्या एकेक वर्गाच्या शर्यती, असं करत ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये त्यानं फॉर्म्युला टूची शर्यत जिंकली. असं करणारा तो पहिला भारतीय. पण युरोपातल्या त्या शिडीवर एकेका मोसमाचा हिशेब कोटींत होतो. निवड गुणांवर झाली तरी तिच्यापाठोपाठ कोणाला तरी चेकबुक उघडावंच लागतं.

मग साध्या गाडीच्या शर्यतीचं काय? इथे गोष्ट आपल्या जिल्ह्यात येते. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. २०१० पासून या कंपनीनं भारतात पोलो गाड्यांची शर्यत मालिका भरवली, पुढे व्हेंटो आणि अमिओ आल्या. कंपनीनं गाड्या तयार करायच्या, कंपनीनंच त्या राखायच्या आणि चालकानं फक्त चालवायचं. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते अशाच मालिकांतून नावारूपाला आला. कोल्हापुरात मोहित्यांनी कार्टिंगची धावपट्टी आणि शिकवणीही सुरू केली. कुस्तीच्या गावात हाही आखाडा उभा राहिला म्हणायचा.

आणि आता सारा ख्रिश्चनची आठवण. पुण्याची डायना पुंडोळे ही शिक्षिका, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये जेके टायरच्या महिला चालक निवडीतून ती या खेळात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या धावपट्टीवर एमआरएफच्या सलून गाड्यांच्या गटात तिनं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. पुरुष चालकांच्या बरोबरीनं उतरून असं पद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सलून म्हणजे केशकर्तनालय नव्हे हो! आपण लग्नाला ज्या गाडीतून जातो, तसली घरगुती चारदरवाजी गाडी. आतल्या गाद्या काढतात, अपघातात छत दबू नये म्हणून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात, चालकाला पट्ट्यांनी घट्ट बांधतात आणि आग विझवण्याची सोय ठेवतात. म्हणजे जगातल्या शर्यतीच्या भाषेत बोलायचं, तर ही स्टॉक कारचीच नात्यातली.

डायनाच्या गोष्टीतलं मला मोलाचं वाटतं ते असं, की ती तेराव्या वर्षी युरोपात गेली नव्हती. मोठेपणी, नोकरी आणि घर सांभाळून आली. आणि आली ती एका निवड चाचणीच्या दारातून. करिवर्धनांच्या मारुतीपासून चाकणच्या पोलोपर्यंत मला हेच दिसतं. कोणीतरी सगळ्यांना सारखी गाडी दिली, दार थोडं उघडं ठेवलं, की आतापर्यंत न दिसलेली माणसं दिसू लागतात. दार बंद झालं, की पुन्हा फक्त पैसा दिसतो. शिडी आहे, पण ती आपोआप उभी राहत नाही. कोणीतरी ती धरून ठेवावी लागते.

मी मुलाला हे सगळं सांगितलं. खर्चही सांगितला. नुसता छंद म्हणून उतरलं तरी मोसमाचा आकडा लाखांत जातो. म्हणून दुसरी वाटही सांगितली. रिचर्ड पेटीचा नात्यातला भाऊ डेल इनमन यानं कधी चषकासाठी गाडी चालवली नाही. तो गाडी तयार करायचा, तिचा ताफा सांभाळायचा. पेटीच्या सातही अजिंक्यपदांमागे तो होता आणि १९८४ मध्ये दुसऱ्या चालकाबरोबर त्यानं आठवं मिळवलं. पाना हातात असलेल्या माणसालाही त्या शिडीवर जागा आहे.

शेवटी एका रविवारी मी त्याला पुण्याला एका कार्टिंगच्या मैदानावर घेऊन गेलो. तिकिटाचे पैसे मी भरले. हेल्मेट घालून तो उतरला. त्याच्याबरोबर कॉलेजची पाच-सहा मुलं होती. दहा मिनिटांनी यंत्रातून प्रत्येकाच्या फेऱ्यांच्या वेळांची चिठ्ठी निघाली. आमचा गडी चौथा. पहिल्याहून प्रत्येक फेरीत जवळजवळ दोन सेकंद मागे.

मला वाटलं, आता कारणं सांगेल. ब्रेक लागत नव्हता, टायर गुळगुळीत होते. त्यानं ती चिठ्ठी बराच वेळ हातात धरली. कापूरहोळच्या रस्त्यावर त्याला अशी चिठ्ठी कधी मिळाली नव्हती. तिथे तो नेहमी पहिलाच असायचा.

परतताना कात्रज ओलांडेपर्यंत तो काहीच बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "सर, गाड्या मात्र सगळ्यांच्या सारख्याच होत्या."

मी म्हटलं, "हो. म्हणूनच आणलं तुला."

चिठ्ठी घडी करून त्यानं खिशात ठेवली. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं ठरलं आहे. या वेळी तिकीट तो स्वतःच्या पगारातून काढणार आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)