लेखकाच्या घरात वाचकाने किती डोकवावे?

लेखक आवडला की त्याचा संसार कसा होता, घरात तो कसा वागायचा, हेही जाणून घ्यावेसे वाटते. पण हे कुतूहल कुठे थांबावे?

'आहे मनोहर तरी'चे उदाहरण

सुनीता देशपांडे यांचे हे आत्मकथन १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा पु. ल. देशपांडे हयात होते. महाराष्ट्राच्या लाडक्या लेखकाबद्दल पत्नीने इतके परखड लिहिलेले काहींना खटकले, तर काहींना तो प्रामाणिकपणा भावला. सुनीताबाईंनी स्वतःचे आयुष्य स्वतःच्या नावाने सांगितले होते. तरीही संसार दोघांचा असतो आणि एकाच्या आठवणीत दुसऱ्याचे खासगी आयुष्य येतेच. म्हणून असे लेखन ही एक बाजू समजून वाचावे. त्यातले एक वाक्य तोडून फिरवले की उरते ती निव्वळ कुजबुज.

पत्र कोणाचे?

धारवाडला इंग्रजी शिकवणारे जी. ए. कुलकर्णी लोकांपासून दूरच राहत. १९८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांची निवडक पत्रे पुस्तकरूपाने आली. सुनीताबाईंनी त्यांना लिहिलेली पत्रेही 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आहेत.

पत्राचा कागद ज्याला मिळाला त्याचा असला, तरी मजकुराचा कॉपीराइट सहसा लिहिणाऱ्याकडे आणि नंतर त्याच्या वारसांकडे असतो. लेखकाच्या मृत्यूनंतरही तो साधारणपणे ६० वर्षे टिकतो. त्यामुळे रद्दीत सापडलेले अप्रकाशित पत्र परवानगीशिवाय पोस्ट करता येत नाही.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात स्पष्ट केले, की कुटुंब, विवाह, मुले याबाबतचा खासगी मजकूर संमतीविना छापता येत नाही. सार्वजनिक नोंदींतली माहिती मात्र साधारणपणे याला अपवाद आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकते. नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला असा मजकूर गुन्हा ठरू शकतो.

शेअर करण्यापूर्वी

- ही गोष्ट कोणी सांगितली : त्या व्यक्तीने स्वतः, की ऐकीव आहे?
- तिने लेखन समजायला मदत होते का?
- लेखकाच्या मुलांचे, नातवंडांचे नाव किंवा पत्ता उघड होतो का?

प्रसिद्धी लेखकाने स्वीकारलेली असते, घरच्यांनी नव्हे.