स्वयंपाकघराची भिंत आली कुठून?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराची आणि हॉलची मधली भिंत काढायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी सांगलीहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "अगं, भिंत काढलीस तर चौका कुठं लावणार? महाराजांचा आहार काय टीव्हीसमोर करायचा?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. सूनबाईला वाटलं, आई आता माघार घेणार. पण कॉमर्सला असताना एक सवय लागली होती, बेरीज जुळेना की मागची पानं उलटायची. म्हटलं, ही भिंत मुळात आली कुठून ते तरी बघू.

आमचं सासरचं घर शिरोळ तालुक्यात. पुढं सोपा, मग माजघर आणि सगळ्यांत आत स्वयंपाकघर. मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड. त्या काढायचा प्रश्नच नव्हता, कारण सगळं छप्पर त्यांच्यावरच उभं होतं. आत चूल, तिला वैल, आणि हातभर एक खिडकी. धूर कौलांतून वाट काढील तेवढा जायचा, बाकीचा सासूबाईंच्या डोळ्यांत. त्या भिंतीनं सोप्यावर बसलेल्यांना धुरापासून वाचवलं, हे खरं. आत बसलेलीला कोणी वाचवलं नाही.

धुराचा हा प्रश्न काही कोणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ साली मगन चूल निघाली. पुढं हैदराबादला एस. पी. राजू या अभियंत्यांनी धुराडं लावलेल्या बिनधुराच्या चुलीचा पाठपुरावा केला. आमच्या गावात मात्र यांतलं काही पोचलं नाही. पोचला तो रॉकेलचा स्टो, आणि मग गॅस. इंडेनचं पहिलं कनेक्शन २२ ऑक्टोबर १९६५ ला कलकत्त्यात दिलं गेलं. सासूबाईंच्या ओट्यावर शेगडी यायला त्यानंतर वीस वर्षं लागली. म्हणजे भिंतीचं निम्मं कारण त्या दिवशी संपलं होतं, पण भिंत आहे तिथंच राहिली. आम्ही कोल्हापुरात फ्लॅट घेतला, तर तिथंही बिल्डरनं ती तशीच बांधून दिली.

गंमत म्हणजे युरोपात ही भिंत सुधारणा म्हणून बांधली गेली. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमध्ये कामगारांसाठी नवी घरं बांधली जात होती. तोवर अशी कुटुंबं बहुतेक एकाच खोलीत रांधायची, जेवायची आणि झोपायची. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी या घरांसाठी वेगळं स्वयंपाकघर आखलं. जेमतेम १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या भाषेत सत्तर चौरस फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमधली चिंचोळी मुदपाकखान्याची जागा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आज आपला जो उभा ओटा आणि वरची कपाटं आहेत, त्यांचं मूळ बरंचसं तिथलं आहे.

त्यातल्या दोन गोष्टी वाचून मी सूनबाईला हाक मारली. पिठाचा डबा ओकच्या लाकडाचा, कारण त्यात अळी-किडा धरत नाही. आणि कपाटांना निळा रंग, कारण निळ्यावर माशा बसत नाहीत असा समज होता. माशांना खरंच रंग कळतो की नाही देव जाणे, पण कीड मारण्यापेक्षा ती होऊच न देणं हे आपल्या घरच्या शिकवणीतलंच की! बाईंनी पुढं मोकळेपणानं सांगून टाकलं होतं, की हे सगळं आखेपर्यंत त्यांनी स्वतः कधी संसार केला नव्हता, स्वयंपाकही येत नव्हता. मला त्यांचा राग नाही आला. पावलं मोजून काम वाचवणं हे हिशेबाचं काम आहे, आणि ते त्यांनी चोख केलं. पण त्या सत्तर फुटांत एकाच बाईला जागा होती. पुढच्या पिढीतल्या बायकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. काम हलकं झालं, पण ती तिथं एकटी पडली.

भिंत काढायला सुरुवात केली ती अमेरिकेत, आणि तीही बायकांच्या कळवळ्यापेक्षा नोकर परवडेनात म्हणून. फ्रँक लॉइड राइट या वास्तुरचनाकारानं १९३७ च्या सुमारास मॅडिसन गावात जेकब्स कुटुंबाला कमी खर्चाचं घर बांधून दिलं. घर साडेपाच हजार डॉलरचं. त्यात स्वयंपाकाची जागा घराच्या मध्यात होती आणि जेवणाच्या कोपऱ्याकडं उघडी. घरची बाईच रांधणार, तर तिला मुलं दिसली पाहिजेत, पाहुण्यांशी बोलता आलं पाहिजे.

आणि आपल्याकडं? मुंबईच्या बी. डी. डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत सगळा संसार होता. तिथं कुठली आली आहे भिंत! भिंत ही ऐसपैस घरवाल्यांची चैन, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

आता जाऊबाईंचा प्रश्न. चौका म्हणजे चौकोन. सारवून, पुसून आखलेली जागा. ती रेघेनं ठरते, विटांनी नाही. आपल्या सोळा शुद्धी आठवा. द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या चार-चार. त्यांत क्षेत्रशुद्धीच्या चारांत काय येतं? प्रकाश, वायू, स्थान, आणि दुर्गंध नसणं. भिंत कुठंच नाही, उलट पहिलाच उजेड आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांतही एक आलोकितपानभोजन, म्हणजे उजेडात नीट पाहून खाणं-पिणं. सासूबाईंच्या त्या काळोख्या खोलीत पाणी दुहेरी गळण्यानं गाळलं जायचं, जिवाणी विहिरीत परत जायची, सगळं काटेकोर. पण तांदूळ निवडायला मात्र त्या सूप घेऊन परसात जायच्या. आत दिसायचंच नाही.

दुसरी गोष्ट पाहण्याची. पडगाहन होऊन महाराज आत आले, उच्चासन, पादप्रक्षालन, पूजन झालं, की ते उभे राहून ओंजळीत आहार घेतात. तेव्हा आपण काय करतो? सगळी गल्ली श्वास रोखून बघत उभी असते. एखादा केस निघाला तर अंतराय होईल म्हणून दहा डोळे त्या ओंजळीवर असतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकातली सर्वांत पवित्र घटका लपून होत नाही, चारचौघांसमोर होते. शुद्ध वस्त्र नसलेल्यानं रेघेच्या आत यायचं नाही, एवढाच नियम. बघायला बंदी नाही.

हे मी जाऊबाईंना फोनवर सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि पंखा?" चौक्याच्या दिवशी पंखा बंद, म्हटलं.

एक खरं सांगते, मलाही ती भिंत थोडी हवी होती. तीस वर्षं मी तिच्याआड बसून महिन्याचा हिशेब लिहिला. पाहुणे असताना चेहरा उतरला तर तिथं जाऊन उभी राहिले. भिंतीनं मला कोंडलं, तसं झाकलंही. सूनबाईला तशी गरज पडत नाही, ती हॉलमध्येच बोलून मोकळी होते. ते बघून आधी राग यायचा.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं थोडं. पूर्वीच्या भिंती भार पेलत, आता भार कॉलम-बीमवर असतो, म्हणून मधली साडेचार इंची भिंत काढता येते. पण हे गवंड्यानं नुसतं ठोकून सांगायचं काम नव्हे. आमच्या पहिल्या ठेकेदारानं "बिनधास्त पाडा" म्हणून सांगितलं. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं नकाशा पाहिला तर एका टोकाचा दोन फूट भाग भिंत नव्हताच, कॉलम होता. तो अर्थात राहिला. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. पाण्याची लाइन आणि वायर कुठून गेली आहे ते बघा. फोडणीचा वास हॉलभर होतो, तेव्हा चिमणीचा पाइप बाहेर काढा. कुकरच्या शिट्टीवर उपाय नाही.

भिंत निघाली तेव्हा खाली फरशी नव्हती, साडेचार इंचांचा ओबडधोबड पट्टा उरला होता. फरशीवाला म्हणाला, जुळती टाइल मिळणार नाही. मग तिथं काळ्या कडप्प्याची पट्टी बसवली. या चातुर्मासात गावात संघ होता, आम्ही चौका लावला. जाऊबाई आदल्या दिवशीच आल्या. सकाळी अंघोळ करून शुद्ध साडी नेसून त्या कडप्प्याच्या आत उभ्या राहिल्या आणि बाहेर उभ्या असलेल्या माझ्या नातवाला दरडावून म्हणाल्या, "या काळ्या रेघेच्या अलीकडं पाय टाकायचा नाही हं."