कमरेची कट्यार आणि खिशातील चाकू

ज्ञातीच्या वार्षिक अंकासाठी इतिहासविषयक काही लिहावे अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा वीर जिवा महाला यांचे चरित्र लिहावे असा आमचा विचार होता. तथापि मध्यंतरी एक दुःखद प्रकार घडला. आमचा एक माजी विद्यार्थी दुकान रात्री उशिरा बंद करून दिवसाचा गल्ला घेऊन घरी जात असे. आत्मरक्षणार्थ म्हणून तो खिशात चाकू ठेवू लागला. एके रात्री क्षुल्लक कारणावरून बाचाबाची झाली, चाकू बाहेर निघाला, झटापटीत तो प्रतिपक्षाच्या हाती गेला आणि या मुलाच्याच उजव्या हातावर वार बसला. ज्या हाताने तो वस्तरा धरी, त्या हाताची दोन बोटे आज वळत नाहीत. त्याला भेटून परतताना, जवळ बाळगलेले शस्त्र माणसाचे रक्षण केव्हा करते, हाच प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला.

आमचे तरुण या बाबतीत प्रतापगडाचा दाखला देतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवछत्रपतींनी बिचवा व वाघनखे जवळ बाळगली म्हणूनच ते वाचले, असे ते म्हणतात. हे खरे; परंतु अर्धेच खरे. खानाने कट्यारीचा वार केला तो प्रथम अडविला अंगरख्याखालील चिलखताने. भेटीपूर्वी वकिलांची बोलणी झाली होती, भेटीची जागा महाराजांनी स्वतः निवडली होती आणि जावळीच्या रानात मराठी फौज दबा धरून बसली होती. एवढे करूनही सय्यद बंडा महाराजांवर चालून आलाच. त्याला जिवा महाला यांनी मध्येच गाठून ठार केले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण लोकांनी उगीच केली नाही. तिच्यात शस्त्राचे नाव नाही, सोबत्याचे आहे. बिचवा ही त्या दिवशीच्या तयारीतील शेवटची पायरी होती. आमच्या तरुणाची तीच पहिली आणि तीच शेवटची!

मराठेशाहीत पुरुषाने कमरेला कट्यार खोवणे ही नवलाची गोष्ट नव्हती. ती चारचौघांस दिसे, आणि जे दिसते त्याचा जाबही द्यावा लागतो. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने प्रजेची शस्त्रे काढून घेण्याचे धोरण धरले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला, त्यात युरोपियनांना सूट व एतद्देशीयांना बंदी असा पंक्तिप्रपंच होता. राष्ट्रीय सभेने त्याचा निषेध केला, आणि १९३१ च्या कराची अधिवेशनात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकास असावा असे ठरविले. पुढे घटना समितीत मात्र हा मूलभूत हक्क करण्याची सूचना मान्य झाली नाही. परक्यांनी लादलेली बंदी आणि स्वतःच्या राज्याने घातलेली मर्यादा यांतील भेद जाणत्यांनी तेव्हाच ओळखला होता.

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले. घरकाम, शेती व उद्योग यांसाठी घडविलेली पाती वगळली. म्हणून लहान चाकू केव्हाही चालतो असे कोणी समजू नये. १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमान्वये महाराष्ट्रात मनाई हुकूम जारी झाला की चाकूच काय, काठी बाळगणेही गुन्हा ठरू शकते. आत्मरक्षणाचा हक्क कायद्याने नाकारलेला नाही. तो १८६० च्या दंडसंहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण बचावापुरतेच बळ वापरावे, आणि पोलिसांचे साहाय्य घेण्यास अवसर असेल तर ते घ्यावे, ही त्याची मर्यादा पूर्वीचीच आहे.

ज्ञातिबांधवहो, धारेची ओळख आपणांस कोणी करून देण्याची आवश्यकता नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाडवडिलांनी पाटलाच्या गळ्यावर आणि परक्या वाटसरूच्याही गळ्यावर वस्तरा फिरविला, आणि समोरचा माणूस निश्चिंतपणे डोळे मिटून बसला. एवढा विश्वास किती जणांच्या वाट्यास येतो? तो विश्वास हीच आपली खरी मिळकत होय. रात्री दुकान बंद करणाऱ्या मुलांनी एकट्याने न जाता शेजारच्या दुकानदारांसह निघावे, गल्ल्याची रक्कम रोजच्या रोज बँकेत भरावी, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांस घ्यावयास जाण्यात कमीपणा मानू नये. आमच्या त्या विद्यार्थ्याचे वडील आता रोज रात्री नऊ वाजता दुकानापाशी जाऊन उभे राहतात. ते आधीच गेले असते तर, हा विचार त्यांच्याप्रमाणे आम्हांसही सोडीत नाही. कारण तो चाकू आम्ही एकदा पाहिला होता आणि काही बोललो नव्हतो.