बग्गीचे ब्रेक आणि मुळशीचा पाऊस

चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागले, की पिरंगुटपासून थेट ताम्हिणीपर्यंतचा मुलूख शनिवार-रविवारी पुणेकरांच्या ताब्यात असतो. त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या रिसॉर्टांत आणि साहस केंद्रांत नळ्यांच्या सांगाड्याची, जाड खाचांच्या टायरांची बग्गी आता नवलाईची राहिलेली नाही. नोंदणी नसलेले हे वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. ते खासगी आवारातील मातीच्या वाटांवरच धावते. साहजिकच ट्रक-टेम्पोंना ठराविक मुदतीने द्यावी लागणारी सरकारी तपासणी त्याच्या वाट्याला येत नाही. ब्रेक सुस्थितीत आहेत की नाहीत, हे पाहण्याची सारी जबाबदारी मालकावर आणि त्याच्या मेकॅनिकवर येऊन पडते. मुळशीच्या हवेत ही जबाबदारी एरवीपेक्षा जड आहे.

ब्रेकची रचना तशी सरळ आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ब्रेक ऑइलला रेटतो, तो दाब नळ्यांतून चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत पोहोचतो आणि पॅड डिस्कला आवळतात. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. नळीत तिचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो, पेडल स्पंजासारखे मऊ लागते आणि चाकाला काही कळतच नाही. गॅरेजच्या भाषेत याला ‘ब्रेकने एअर घेतली’ असे म्हणतात.

‘ब्रेक ऑइल’ हे नाव रूढ झाले असले, तरी ते तेल नव्हे. डॉट-३, डॉट-४ आणि डॉट-५.१ हे द्रव ग्लायकॉलपासून बनवलेले असतात आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्यांचा स्वभावच आहे. कोरड्या, नव्या डॉट-३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट-४ चा २३० अंश असावा लागतो; द्रवात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. ताम्हिणीच्या परिसरात पावसाळ्याचे चार महिने सारे काही ओलेचिंब असते. अशा हवेत टाकीचे झाकण उघडे राहिले किंवा फोडलेला डबा फळीवर पडून राहिला, तर काय होणार हे सांगायला नको. फोडलेल्या डब्यातील उरलेले ऑइल पुढच्या हंगामासाठी जपून ठेवणे ही काटकसर महागात पडणारी आहे.

या आकड्यांचे महत्त्व उतारावर कळते. बग्गी आणि दोन माणसे मिळून ५०० किलो वजन १०० मीटर खाली आणताना सारी गती ब्रेकनेच अडवली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यात सुमारे दीड लिटर साधे पाणी उकळीला येईल. अनेक बग्ग्यांत बेल्टवर चालणारी सीव्हीटी असते. इंजिनाचे फेरे खाली आले की ती इंजिनाला चाकांपासून सोडवते, त्यामुळे जीपसारखे ‘गिअरवर उतरणे’ तिच्यात नीट साधत नाही आणि भार ब्रेकवरच येतो. दिवसभर फेऱ्या चालू असल्या, की कॅलिपरमधील ओलसर द्रव उकळून त्याची वाफ होते. ही वाफही हवेसारखीच दाबली जाते. गाडी थंड झाली की ती विरते आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये पेडल पुन्हा कडक लागते! दोष सापडत नाही, तो यामुळेच.

म्हणून मुळशीत ब्रेक ऑइल बदलण्याचे वेळापत्रक पावसाशी जोडलेले बरे. सर्वसाधारण मोटारीला दोन वर्षांनी बदल पुरतो. येथील बग्गीला पावसाळा सरताच, ऑक्टोबरमध्ये, दरवर्षी तो करावा. हिवाळ्यातील गर्दीचा हंगाम मग ताज्या द्रवावर निघतो.

एअर काढण्याचे काम दोघांचे आहे. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी. निपलवरचा चिखल ब्रशने काढून त्यावर पारदर्शक नळी बसवावी आणि तिचे दुसरे टोक बाटलीतील ताज्या ऑइलमध्ये बुडवावे. एकाने पेडल दोन-तीन वेळा सावकाश दाबून धरून ठेवायचे, दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा सैल करून बुडबुडे बाहेर पडू द्यायचे. पेडल सुटण्यापूर्वी निपल बंद झालेच पाहिजे, नाहीतर बाहेरची हवा आत ओढली जाते. टाकीतील पातळी दर काही दाबांनंतर पाहावी. ती रिकामी झाली तर सारी मेहनत पहिल्यापासून. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये, खाली लाकडी ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरच्या एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज असतो आणि त्यावरून घासून सील फाटते. बाटलीत उतरलेले ऑइल पुन्हा टाकीत ओतू नये. सील पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नयेत, रबर फुगते.

इतके करूनही पेडल मऊच राहिले, तर आधी कॅलिपरकडे पाहावे. घरगुती बनावटीच्या बग्गीत दुसऱ्या वाहनांचे कॅलिपर बसवतात आणि त्यात डावे-उजवे उलटे झाले की निपल खालच्या बाजूला येते. हवा नेहमी वर साठते; ती खालच्या तोंडातून कितीही वेळ काढली तरी निघणार कशी? अशा वेळी कॅलिपर काढून, निपल वर धरून आणि पॅडांच्या मध्ये लाकडी पट्टी घालून एअर काढावी. मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर द्रव मागे ओघळू नये म्हणून नळीत दाब राखणारी छोटी झडप लागते. डिस्कसाठी ती साधारण २ पीएसआयची असते.

दोष ओळखायला पायच उपयोगी पडतो. पेडल मऊ असेल आणि पंप मारल्यावर कडक होत असेल, तर हवा. एक मिनिट दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जात असेल, तर गळती, आणि बाहेर ओल दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे सील. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर चिखलाने भिजलेले किंवा तापून गुळगुळीत झालेले पॅड. भातखाचरातील गाळ पॅड आणि डिस्क यांच्यात खरकागदासारखे काम करतो, त्यामुळे पावसाळ्यात पॅडची जाडी आठवड्याला पाहावी.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ मध्ये पीथमपूर येथे सुरू झालेल्या ‘बाजा’ स्पर्धेचे नियम याबाबत अनुकरणीय आहेत. ब्रेकची दोन स्वतंत्र मंडले हवीत, म्हणजे एक नळी फुटली तरी किमान दोन चाके अडतात. आणि ब्रेक दाबताच चारही चाके जागच्या जागी घट्ट अडकली नाहीत, तर गाडी शर्यतीत उतरत नाही. ही दुसरी चाचणी सपाट मातीवर, सावकाश वेगात, कोणत्याही आवारात रोज सकाळी पाच मिनिटांत घेता येते. भाड्याने बग्गी घेणाऱ्या पर्यटकानेही निघण्यापूर्वी जागेवरच पेडल दाबून पाहावे, आणि ते अर्ध्याहून खाली गेले तर दुसरी गाडी मागावी.