जुन्या गाडीतली मिसिंग आणि मीटरवरचा दिवा

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटले नाही, की गाडी धक्के देते, चढावर दम सोडते आणि सायलेन्सरमधून तुटक आवाज येतो. गॅरेजात याला मिसिंग म्हणतात. कारणे तीनच: ठिणगी नीट पडत नाही, इंधन नीट पोचत नाही, किंवा सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन उरलेले नाही. मोटार आली तेव्हापासून यात चौथ्या कारणाची भर पडलेली नाही. बदलत गेली ती दोष शोधण्याची रीत, आणि तो बदल महानगरापेक्षा झाईसारख्या गावात अधिक स्पष्ट दिसतो. महानगर जुन्या गाड्या टाकून पुढे जाते. टाकलेल्या गाड्या तालुक्यात येतात आणि निरनिराळ्या काळांतली यंत्रे एकाच मिस्त्रीपुढे उभी राहतात.

झाई हे तलासरी तालुक्याचे समुद्रकाठचे गाव. दक्षिणेला बोर्डी, उत्तरेला हद्दीपलीकडे उंबरगाव. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली, तोवर ठाणे जिल्ह्यात असलेला उंबरगावचा भाग गुजरातेत गेला आणि झाई सीमेवरचे गाव झाले. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यामुळे या पट्ट्यात जुन्या ठाण्याची एमएच ०४, वसईची एमएच ४८, वलसाडची जीजे १५ आणि दादरा-नगर हवेलीची डीएन ०९ अशा पाट्यांच्या गाड्या शेजारीशेजारी दिसतात. परराज्यातली जुनी गाडी घ्यायची तर फॉर्म २८ वर ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यावा लागतो. कागद असे तपासले जातात. इंजिनाची तपासणी मात्र घेणाऱ्याच्या ओळखीच्या मिस्त्रीवर सोडलेली असते.

या मिस्त्रींच्या ज्ञानाची पहिली बैठक फियाटवर बसली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांची १९४४ सालची कंपनी. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० ला १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, एक कार्बुरेटर, एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली पॉइंट उघडमीट करत आणि त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागे. मिस्त्री फीलर गेजने ती लावी, जळालेले पॉइंट पॉलिश पेपरने घासी आणि ते पुन्हापुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदली.

मिसिंग शोधण्याची खरी परीक्षा इंजिन चालू असताना होई. प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला तोच. मग प्लग बाहेर काढून त्याचा रंग बघायचा. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हमधून ऑइल उतरते, पांढुरका म्हणजे मिश्रण हलके किंवा उष्णता फार. शेवटी कॉम्प्रेशन गेज. हा क्रम कुठल्या पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे पाने उचलून देणाऱ्या पोरांकडून पुढे गेला. तो अतिशय शिस्तीचा होता, आणि या लोकांना शास्त्र येत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे आहे.

किनाऱ्यावर एक वेगळी अडचण होती. खारी हवा वायरींची टोके आणि अर्थिंग खाते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते आणि टोपीला केसाएवढी चीर असली, तरी ठिणगी प्लगकडे न जाता तिथेच उतरते. यावरचा उपाय साधा होता: रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू करायचे, फुटलेल्या वायरीवर निळी ठिणगी धावताना डोळ्यांना दिसे. झाईच्या मच्छीमारांच्या होड्यांवर डिझेल इंजिने आली, त्यांत प्लग नाहीत. पण बहुसिलिंडर डिझेलमध्येही शोध तसाच घेतला जाई. इंजेक्टरच्या पाइपाचा नट एकेक करून किंचित ढिला करायचा आणि कुठल्या नटाने आवाज बदलत नाही ते ऐकायचे. होडीचे इंजिन आणि काळीपिवळी जीप एकाच कानाने तपासता येत होती.

पेट्रोलच स्वच्छ नसे, तेव्हा सगळा शोध फसे. स्वस्त रॉकेलची भेसळ हा त्या काळातला मोठा रोग. भेसळीचे धागे किती खोल गेले होते, ते २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ उघड झाले. भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले.

फियाटच्या काळातल्या गाड्यांच्या मीटरवरही दिवे होते, पण मोजके: ऑइलच्या दाबाचा आणि चार्जिंगचा. दाब पडला की स्विच जुळे आणि लाल दिवा लागे. त्यात विचार करणारे यंत्र नव्हते. मिसिंगची खबर देणारा दिवा, म्हणजे चेक लाइट, आला तो धुरामुळे. न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची आतली जाळी वितळवते. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. पाठोपाठ कार्बुरेटर गेला. १४ डिसेंबर १९८३ रोजी रस्त्यावर उतरलेल्या तीन सिलिंडरच्या मारुती ८०० लाही २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने पेट्रोल देणारे इंजिन मिळाले. सुरुवातीच्या काही एमपीएफआय गाड्यांत वायरीच्या तुकड्याने दोन टर्मिनल जोडली, की चेक लाइट लुकलुकून कोड सांगे. स्कॅनर नसलेल्या गॅरेजातही ती लुकलुक मोजून काम होई.

अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ओबीडी-२, म्हणजे गाडीनेच स्वतःचे दोष ओळखून कोडने सांगण्याची व्यवस्था, सक्तीची होती. भारतात भारत स्टेज ४ या धुराच्या मानकाबरोबर एप्रिल २०१० मध्ये ओबीडीची पहिली पायरी आली आणि एप्रिल २०१३ मध्ये दुसरी. मिसफायरवर, म्हणजे मिसिंगवर, सतत लक्ष ठेवणे या दुसऱ्या पायरीत आले. त्याची युक्ती सुंदर आहे. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकासमोर सेन्सर असतो. प्रत्येक स्फोटाने चाक क्षणभर वेग घेते. ज्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग मिळत नाही, त्याची नोंद होते. पी ०३०२ हा कोड म्हणजे दुसरा सिलिंडर, पी ०३०० म्हणजे ठरावीक एक नव्हे. पिवळा दिवा स्थिर असेल तर तपासणी लवकर करावी. लुकलुकत असेल तर कन्व्हर्टर जळतो आहे, गाडीला जोर देऊ नये. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे धक्के क्रँकपर्यंत पोचतात आणि मिसफायरचा खोटा भास होऊ शकतो; त्यासाठी काही गाड्या एबीएसच्या सेन्सरकडून रस्त्याचा अंदाज घेतात.

या बदलाने जुन्या दोन्ही युक्त्या धोक्याच्या ठरल्या. चालू इंजिनात प्लगची वायर काढली तर कॉइल जळू शकते आणि कच्चे पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाते. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्याही वर असतो. तिथे ढिला केलेला नट हाताची कातडी भेदणारी धार सोडतो. त्यांच्या जागी अदलाबदल आली. पी ०३०२ आला तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची आणि गाडी चालवायची. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल खराब. जागचा हलला नाही तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. म्हणजे क्रम उस्तादाचाच राहिला. दिवा सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. एवढे न समजल्यामुळे कोड वाचून नवे भाग घातले जातात आणि गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाया जातात.

सीएनजी किटाने यात भर घातली. गॅस पेटवायला ठिणगी अधिक जोमदार लागते, म्हणून पेट्रोलवर ठीक चालणारा थकलेला प्लग किंवा कॉइल गॅसवर प्रथम उघडी पडते. किट असलेली जुनी गाडी म्हणूनच दोन्ही इंधनांवर चालवून पाहावी लागते. अलीकडे पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत गेले आहे. ते पाणी ओढते. दमट किनाऱ्यावर महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत याचा उपद्रव अधिक.

दिव्याबरोबर फसवणूकही नवी आली. विकण्याआधी दिव्याची जोडणी तोडली जाते किंवा कोड पुसले जातात. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, चेक लाइट लागलाच पाहिजे. तो लागला नाही तर कुणीतरी त्याला हात लावला आहे. कोड पुसले असतील तर स्कॅनरमध्ये गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात, आणि त्या पूर्ण व्हायला थंड इंजिनापासून सुरू करून बरेच किलोमीटर गाडी चालवावी लागते. त्यामुळे जाणता मिस्त्री इंजिन गार असतानाच गाडी बघायला जातो आणि स्कॅनर दोनदा लावतो, आधी जागेवर आणि नंतर लांबची फेरी मारून आल्यावर.