सहाशे यार्डांचं मैदान

बेळगावच्या वेढ्याचे आकडे पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक असावी असं वाटतं. २० मार्च १८१८ ला जनरल थॉमस मन्रोची फौज किल्ल्यासमोर आली आणि १० एप्रिलला किल्लेदारानं किल्ला खाली केला. आत शिबंदी १६०० ची. तीन आठवडे तोफा चालल्या. मेले किती? आतले २० आणि बाहेरचे ११. जखमी आतले ५०, बाहेरचे १२. नोंद जिंकणाऱ्यांची आहे, तरीही हा हिशेब विचार करायला लावतो.

अलीकडे हा विषय परत परत निघतो. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी दोन्हीकडून ड्रोन उडाले, आणि चहाच्या गाड्यावरसुद्धा एक वाक्य ऐकू यायला लागलं : "पूर्वीची लढाई समोरासमोरची होती, धर्माची होती. आता लांब बसून बटण दाबायचं, यात कसला पराक्रम?" वाक्य ऐकायला बरं आहे. इतिहासात मात्र ते टिकत नाही. महाभारतातले थोर योद्धे धनुर्धर होते, आणि बाण हे लांबूनच मारायचं हत्यार की हो! भीष्म पडले ते बाणांनीच.

आता आपल्या किल्ल्याकडे या. भोवती रुंद, खोल, पाण्यानं भरलेला खंदक आणि त्याच्या पलीकडे चहूकडे सहाशे यार्ड, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर, मोकळं मैदान. त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असायची. शंभर यार्डांपलीकडे नेम धरणं म्हणजे नशिबाचा भाग. म्हणजे हे मैदान मुद्दाम असं राखलेलं, की येणाऱ्याला आडोसा मिळू नये. सहाजिकच जे काही झालं ते तोफांनी झालं. गोलंदाजाला समोर माणूस दिसत नव्हता, दिसत होता तट. मार्च संपता संपता मशिदीजवळच्या इंग्रजी मोर्चाचं दारूकोठार उडालं, तेव्हा शिबंदीतले लोक संधी साधून बाहेर धावले आणि मागे रेटले गेले. माणसं एकमेकांच्या जवळ आली ती एवढ्यापुरती.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी, इथंच, लांबून मारणं चालू होतं. मग माणसं इतकी कमी का मेली? मी इंजिनिअर माणूस, मला आधी दगडाची जाडी आणि गोळ्याचं वजन सुचतं. पण खरं उत्तर त्यात नाही. तोफेचं लक्ष्य भिंत होतं. तटाला खिंडार पडलं की युरोपीय रिवाजाप्रमाणे किल्लेदाराला बोलणी करायची वेळ यायची. त्यानं तेव्हा किल्ला दिला तर शिबंदीचा जीव वाचायचा. हट्ट धरला आणि किल्ला धावा करून घ्यावा लागला, तर आत शिरणाऱ्या सैन्याकडून दयेची अपेक्षा ठेवायची नाही. १८१२ मध्ये स्पेनमधल्या बाडाहोसला इंग्रजांनी धावा करून आत शिरल्यावर शहराचं काय केलं ते प्रसिद्धच आहे. तिथं मारणारा आणि मरणारा हातभर अंतरावर होते! बेळगावात अंतर सहाशे यार्डांचं होतं, पण त्यातून निरोप जाऊ शकत होता. पांढरं निशाण दिसत होतं, वकील चालत जाऊन परत येऊ शकत होता.

माझ्या मते सगळा प्रश्न इथं आहे. मारणारा किती लांब आहे, हे दुय्यम. "पुरे, मी शरण आलो" हे त्याच्यापर्यंत पोचतं का, आणि पोचल्यावर त्याला हात आवरता येतो का, ते बघायला हवं.

सहा वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात कित्तूरला काय झालं बघा. २३ ऑक्टोबर १८२४ ला कलेक्टर सेंट जॉन थॅकरे गोळी लागून पडला. ती गोळी राणी चन्नम्मांचा नेमबाज अमटूर बाळप्पा याची, असं इथली परंपरा सांगते. त्याच दिवशी स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट हे दोन इंग्रज अधिकारी जिवंत सापडले. कित्तूरकरांनी त्यांना मारलं नाही, नीट ठेवलं आणि पुढे सोडलं. या एलियटनं नंतर कर्नाटकातल्या शेकडो शिलालेखांच्या नकला करवून घेतल्या, आणि चालुक्यांच्या इतिहासावर त्याचा लेख १८३७ मध्ये छापून आला. आपण शिलालेखांच्या मागे फिरणारे लोक त्याचे ऋणी आहोत. सापडलेल्या माणसाला जिवंत ठेवायचं की नाही हे कित्तूरकरांना ठरवता आलं, कारण तो त्यांच्यासमोर उभा होता.

पण म्हणून जवळची लढाई दयाळू, असंही नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्या बेळगावात, त्यामुळे नाईक यशवंत घाडगे हे नाव इथं नवीन नाही. १० जुलै १९४४, इटलीतलं वरच्या टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले. ग्रेनेडनं मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, एकाला टॉमीगननं टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठोकून मारलं. मग लांबून नेम धरलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. काबीज केलेल्या त्याच मोर्चात ते गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या दोघांना शरण यायचं होतं का, हे विचारायला घाडग्यांपाशी सेकंदभरसुद्धा नव्हता. त्यांना टिपणाऱ्यापाशी बहुधा तेवढा वेळ होता, पण ते मोर्चा घेऊन बसलेले लढाऊ शिपाई होते. दोन्हीकडे हा युद्धाचाच भाग आहे, आणि यातल्या कुणाला भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी पूरबांधावरच्या तीन मशीनगन चौक्या एकट्यानं बंद पाडल्या. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला. पण त्याच दुपारी वरून शेकडो जड बॉम्बफेकी विमानं जाऊन आली होती. त्यांच्या काही बॉम्बनी मित्रपक्षाच्याच पोलिश सैनिकांचा बळी घेतला. आपली कोण आणि शत्रू कोण हेही त्या उंचीवरून कळलं नाही, मग शरण आलेला कसा कळणार? त्या विमानाला पांढरं निशाण दाखवून उपयोग नव्हता. सहाशे यार्डांचं मैदान सरळ उभं केलं आणि कित्येक पटींनी लांबवलं, तर निरोप्याची वाटच बंद होते.

गंमत अशी की ती वाट पुढं एका यंत्रानंच थोडीशी उघडली. १९९१ च्या आखाती युद्धात कुवेतजवळच्या फैलाका बेटावर अमेरिकन युद्धनौकेच्या तोफा मारा करत होत्या, आणि नेम सांगायला वर पायोनिअर नावाचं बिनमाणसाचं छोटं विमान घिरट्या घालत होतं. खालच्या इराकी सैनिकांना कळून चुकलं होतं, की हे आलं म्हणजे पाठोपाठ गोळे. त्यांनी त्या विमानालाच पांढरी फडकी दाखवली. जहाजावरच्या माणसांनी ती पडद्यावर पाहिली, आणि ते सैनिक कैदी झाले, जिवंत राहिले. बाडाहोसच्या गल्लीत हातभर अंतरावर जे झालं नाही ते इथं समुद्रापलीकडून झालं.

आता आपल्याकडे नागपूरला 'नागास्त्र-१' बनतं. वजन साधारण ९ किलो, त्यातली स्फोटकं सुमारे एक किलो. माणसाच्या ताब्यात ठेवून मारा १५ किलोमीटरपर्यंत, स्वयंचलित ठेवलं तर ३० पर्यंत. यातला एक भाग मला मारक्षमतेपेक्षा मोलाचा वाटतो : त्यातलं पॅराशूट. लक्ष्य सापडलं नाही किंवा हल्ला रद्द केला, तर हे हत्यार परत येऊन अलगद उतरतं. सुटलेला तोफगोळा असा माघारी बोलावता येत नाही. मन्रोच्या गोलंदाजाला ही सोय नव्हती, बॉम्ब टाकून मोकळ्या झालेल्या वैमानिकालाही नव्हती.

मात्र पहिले १५ किलोमीटर आणि पुढचे १५ यांत फरक आहे. पहिल्यांत पडद्यासमोर कुणीतरी बसलेलं असतं. त्याला खालचं दिसतं, थांबायचं तर थांबता येतं, आणि उद्या चौकशी झाली तर त्याला नाव असतं. पुढच्या टप्प्यात हात वर केलेला माणूस आणि खांद्यावर नळी धरलेला माणूस यांतला फरक यंत्रानंच ओळखायचा. कॅमेऱ्यात हे दोघे मूठभर ठिपक्यांचे असतात, आणि संध्याकाळच्या उजेडात ते ठिपके आणखी कमी होतात.