परतीची लिंक

मंडळी, रोजची साइट रातोरात बदलते आणि बोटं मात्र जुन्या जागीच क्लिक करत राहतात, हा अनुभव कुणाला नाही? आपण नव्या रंगांना, फॉन्टला शिव्या घालतो. पण माझ्या मते खरा राग परतीची वाट बंद केल्याचा असतो.

सॉफ्टवेअर सीडीवर यायचं तेव्हा ही भानगड नव्हती. ऑफिस २००७ मधे जुने मेनू जाऊन रिबन आली, तेव्हाही बोंबाबोंब झालीच. पण ज्याला नको होती त्याने सरळ ऑफिस २००३ वापरत राहायचं. मायक्रोसॉफ्टने त्याला एप्रिल २०१४ पर्यंत सपोर्टही दिला. वेबवर जुनी सीडी कपाटात ठेवता येत नाही. कोड त्यांच्या सर्व्हरवर, त्यामुळे निर्णयही त्यांचाच.

फेसबुकने सप्टेंबर २००६ मधे न्यूज फीड आणली तेव्हा लाखो लोकांनी निषेध केला. झुकरबर्गने काही दिवसांतच माफी मागितली, प्रायव्हसीची सेटिंग्ज दिली, पण फीड काढली नाही. आणि लोकांना सवय झाली! ‘लोक ओरडतात, मग गप्प बसतात’ असं सांगताना आमच्या क्षेत्रात अजूनही हेच उदाहरण दिलं जातं.

पण त्याच्याच शेजारी डिगची गोष्टही सांगायला हवी. २००४ साली सुरू झालेली ही साइट तेव्हा भलतीच जोरात होती. लोक लिंका टाकायचे, इतर लोक त्यांना ‘डिग’ करून वर चढवायचे किंवा ‘बरी’ करून गाडायचे. २५ ऑगस्ट २०१० ला डिगची चौथी आवृत्ती आली आणि बरीचं बटण गायब झालं, नव्या लिंका बघायचं पानही गेलं. वर प्रकाशकांना आपल्या फीडमधून थोक भावाने लिंका टाकायची सोय. म्हणजे वर्षानुवर्षं लिंका निवडणारे लोक एका दिवसात प्रेक्षक झाले. पाचच दिवसांनी त्यांनी ‘क्विट डिग डे’ पाळला आणि डिगचं पहिलं पान रेडिटच्या लिंकांनी भरून टाकलं.

मग जुनी साइट परत का आणली नाही? तिथल्या एका इंजिनिअरने २०१८ साली हे लिहून ठेवलंय. नव्या साइटसाठी पुरेसे जादा सर्व्हर नव्हते, म्हणून जुन्या साइटचेच सर्व्हर पुसून वापरले. परतीची वाट कंपनीला स्वतःलासुद्धा उरली नव्हती! जुलै २०१२ मधे डिगचं नाव आणि साइट बीटावर्क्सने विकत घेतली, बातम्यांनुसार साधारण ५ लाख डॉलरला.

फेसबुक तरलं आणि डिग बुडालं, असं का? फेसबुक सोडायचं तर सगळी मित्रमंडळी मागे राहतात. डिगवर नुसत्या लिंका होत्या, त्या शेजारच्या दुकानातही मिळत होत्या. तेव्हा लोक गप्प बसले म्हणजे त्यांना आवडलं, असा हिशोब चुकीचा आहे. कित्येकदा त्यांना जायला दुसरी जागा नसते, इतकंच.

दोन्ही आवृत्त्या चालू ठेवणं महाग असतं, हे मी नाकारत नाही. प्रत्येक बग दोनदा तपासायचा, प्रत्येक फीचर दोनदा बसवायचं. तरी ते जमतं. रेडिटने २०१८ मधे नवा चेहरा आणला, पण जुना वेगळ्या पत्त्यावर चालू ठेवला. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मधे रूप बदललं, पण लॉगिन केलेल्या माणसाला २००४ ची मोनोबुक स्किनसुद्धा निवडता येते.

बदल थांबवा असं माझं म्हणणं नाही. पण आपण शिकलेल्या वाटा ही आपली मेहनत असते. आपल्यासाठी ती दोन दिवसांची कुरकुर. पण ज्या आईबाबांनी ‘डावीकडचं तिसरं बटण दाबणे’ असं वहीत लिहून ऑनलाइन वीजबिल भरायला शिकून घेतलं, त्यांची अख्खी वही एका रात्रीत रद्दी होते. मग ते पुन्हा मुलांना फोन लावतात, नाहीतर रांगेत उभे राहतात.

तेव्हा आयटीवाल्या दोस्तांनो, पुढच्या रिलीजच्या मीटिंगमधे एवढंच विचारा: परतीची लिंक कुठे आहे आणि किती दिवस राहणार आहे?